दुधाच्या पिशवीचा वाली कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कचऱ्याच्या प्रश्नावर राज्य सरकार आणि महापालिकांनी हातात हात घालून काम करावे, असा सल्ला देणारा कालचा अग्रलेख वाचला. भाषा नेहमीप्रमाणे सुरेख. पण या दोघांमध्ये सहकार्य नाही, असे आपल्याला का वाटले हे कळले नाही. सामान्य माणसाला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे पाठवायचे असेल तेव्हा दोघांचा समन्वय वाखाणण्यासारखा असतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

23 मार्च 2018 च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेतला पाच हजारांचा दंड सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीचीही सोय होती. पिशवी 50 मायक्रॉनपेक्षा जाड हवी, ती परत घेण्याची किंमत तिच्यावर छापलेली हवी आणि ती किंमत 50 पैशांहून कमी नको. पुढच्या वर्षी विधानसभेत हीच गोष्ट पुन्हा एकदा घोषणा म्हणून ऐकवण्यात आली. (50 पैशांचे नाणे व्यवहारात शेवटचे कधी पाहिले, हे घोषणा करणाऱ्यांना कोणी विचारले नाही.)

मी ते मनावर घेतले. तसेही आमच्या घरात दुधाची पिशवी कधी टाकली जात नाही. कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीलाच लटकत ठेवायचा, कारण सुटलेले ते चिमुकले त्रिकोण ना झाडूत येतात ना कचरावेचकाच्या हाताला लागतात, थेट गटारात जातात. मग पिशवी विसळून ओट्यामागच्या टाइलवर चिकटवायची, वाळली की आपोआप गळून पडते. माझ्या सासूबाई हेच करत, तेव्हा पर्यावरण खातेही नसेल. तर अशा साठवलेल्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन मी आधी दूध केंद्रावर गेले. केंद्रचालक हसला. "काकू, आम्हाला वरून काही आलेलं नाही." पिशवीवर किंमत छापलेली आहे का, हे आम्ही दोघांनी मिळून शोधले. पोषणमूल्यांचा तक्ता सापडला, ग्राहक सेवा क्रमांक सापडला, परतीची किंमत नाही.

मग महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय. तिथल्या घनकचरा विभागातील गृहस्थ फार सौजन्याने बोलले, हे मुद्दाम नमूद करते. ही शासनाची योजना आहे, दूध संघांनी राबवायची आहे, आमच्याकडे जीआर नाही, आपण राज्याच्या कार्यालयात विचारा. राज्याच्या कार्यालयात सांगण्यात आले की अधिसूचना आम्ही काढली हे खरे, पण अंमलबजावणीचे अधिकार महापालिकेलाही दिलेले आहेत, तेव्हा आपण क्षेत्रीय कार्यालयात विचारा. म्हणजे भाजीवालीच्या टोपलीतून पातळ पिशव्या जप्त करण्याचे अधिकार सगळ्यांना आणि दूध संघाला एक ओळ छापायला लावण्याचा अधिकार कोणालाच नाही! याला समन्वय नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

त्या पिशव्यांचे शेवटी काय झाले, ते सांगते. आमच्या गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याने एकही प्रश्न न विचारता काटा काढला, गठ्ठा तोलला आणि पैसे हातावर ठेवले. जीआर मागितला नाही. दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, रद्दी, पत्रा, बाटल्या असे सगळे तो हातगाडीवरच वेगळे करतो. रंगीत प्लॅस्टिक आणि पांढरे प्लॅस्टिक यांतला फरक त्याने मला समजावला आहे. महापालिकेच्या पत्रकात तो फरक आजवर मला सापडलेला नाही.

त्याच महापालिकेच्या अतिक्रमण विभागाने मध्यंतरी त्याची हातगाडी उचलून नेली. पदपथाला अडथळा, म्हणे. त्याच आठवड्यात आरोग्य विभागाची माणसे दारोदार येऊन पुनर्वापराची पत्रके वाटत होती, गुळगुळीत आर्टपेपरवर छापलेली. पुनर्वापर करणाऱ्याची गाडी जप्त आणि पुनर्वापराचा प्रचार घरपोच. दंड भरून गाडी सुटली तेव्हा तिचा काटा गायब होता.

आता नियमांचे बघा. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार राज्याने आपल्या धोरणात कचरावेचक आणि भंगार व्यावसायिकांची भूमिका मान्य करायची होती आणि स्थानिक संस्थांनी त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायचे होते. पुण्यात कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून हेच सांगत आली. तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते, आणि तिलासुद्धा मुदतवाढीसाठी ताटकळत ठेवले गेले. जिथे नमुना म्हणून दाखवावे असे काम आहे तिथे ही गत, मग आमच्या एकट्या हातगाडीवाल्याला कोण विचारतो!

अग्रलेखात पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांचा उल्लेख आला असता तर बरे झाले असते. शहराचा कचरा वर्षानुवर्षे त्या गावांच्या उरावर टाकला, 2017 मध्ये गावे महापालिकेत घेतली, नंतर पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. हद्दीच्या रेषा राज्य सरकारने दोनदा हलवल्या. कचरा डेपो आहे तिथेच आहे. 2018 साली औरंगाबादेत कचऱ्यावरून दगडफेक आणि लाठीमार झाला तेव्हाही आधी महापालिका राज्याच्या तोंडाकडे पाहत होती, मग राज्य महापालिकेच्या. असो, हा विषय मोठा आहे आणि आपण पत्रे कापता, हे अनुभवाने माहीत आहे.

माझी मागणी लहान आहे. नवी समिती नको. राज्याने दूध संघांना पिशवीवरची ती एक ओळ छापायला लावावी, हवे तर 50 पैशांऐवजी दोन रुपये करावेत, कारण 50 पैशांसाठी कोणी पिशवी परत आणणार नाही. महापालिकेने भंगारवाल्याला ओळखपत्र आणि प्रत्येक प्रभागात गाडी उभी करायला हक्काची जागा द्यावी. या दोन गोष्टींना कोणाच्या हातात हात घालण्याची गरज नाही, आपापल्या हाताने सही केली तरी पुरे.

जाता जाता एक. ज्या अंकात हा अग्रलेख होता, त्याच अंकाची पुरवणी प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात आली होती आणि आत शाम्पूची नमुना पुडी चिकटवली होती. त्या चकचकीत पुडीत प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ती आमचा भंगारवालाही घेत नाही. पुडी नको, नुसता पेपर टाका, असे मी आज सकाळी पेपरवाल्याला सांगितले. ते मुख्य कार्यालयातून ठरते, असे तो म्हणाला.

आपली,
एक जुनी वर्गणीदार
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)