लेव्हांतो ते बोनास्सोला

जिनोआ, इटली

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. माझी प्रकृती ठीक आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, हिचे गुडघेही बरे आहेत. प्रकृतीचा विषय एवढ्यावरच संपवतो, कारण ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ती गोष्ट तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार नाही. काल मी बोगद्यातून पायी चाललो.

लेकीने हिच्या गुडघ्यांचा विचार करून मुद्दाम सोपी वाट निवडली होती. चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांमधल्या वाटांवर पायऱ्या फार, म्हणून त्यांच्या अलीकडच्या लेव्हांतोहून शेजारच्या बोनास्सोलाला समुद्राच्या कडेने चालत जायचे ठरले. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर, ना चढ ना उतार. डोंगर थेट समुद्रात उतरणाऱ्या या किनाऱ्यावर इतकी सपाट वाट कुठून आली, हे विचारण्याचे मला सुचले नाही, आणि लेव्हांतोची चौपाटी मागे पडल्यावर समोर बोगद्याचे तोंड उभे राहिले. जिनोआ ते ला स्पेत्सिया रेल्वेचा हा जुना एकेरी मार्ग १८७४ सालचा. पुढे दुहेरी मार्ग आतल्या डोंगरातून काढला, १९७०च्या सुमारास हा जुना मोकळा पडला, आणि आता त्यावर फ्रामुरापर्यंत चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वाट केली आहे. बहुतेक वाट बोगद्यांतूनच जाते.

गाडीत बसून बोगदा ओलांडताना मला काही होत नाही, हे तुला माहीत आहे. पायी मात्र त्या पावसाळ्यातल्या रात्रीनंतर मी एकाही बोगद्यात पाऊल टाकले नव्हते. उरलेली सगळी नोकरी मी कार्यालयातल्या नकाशांवर काढली, आणि घरच्यांना वाटले की बढती मिळाली. काल तोंडाशी पोचताच आतून तोच गार वारा अंगावर आला, तळहात ओले झाले, आणि परत फिरण्यासाठी मी काहीतरी निमित्त शोधू लागलो. तेवढ्यात नातीने बोट धरले आणि आवाज घुमतो का ते पाहायला ‘आजोबा!’ अशी हाक मारत ती मला आत घेऊन गेली.

आत दिवे आहेत, जमीन गुळगुळीत आहे, सायकलवाले घंटी वाजवून शेजारून जातात. पहिली काही पावले मला यातले काही दिसलेच नाही, मी फक्त माथ्यावरची कमान पाहत होतो. मग हात आपोआप भिंतीकडे गेला. एका सांध्यातून चुन्याचा पांढरा ओघळ उतरला होता. बोट लावून पाहिले तर तो कोरडा आणि खडखडीत, म्हणजे पाझर जुना. छत्रीची मूठ मी तीन-चार ठिकाणी वाजवून पाहिली आणि सगळीकडून भरीव आवाज आला. मुकादम आपल्याला पहारीने दगड वाजवायला लावायचा, तो आवाज कान विसरलेले नाहीत. तेव्हा कुठे श्वास खाली बसला. इथला खडक हिरवट सर्पेंटाइनचा. लेव्हांतोच्या सेंट आंद्रेआच्या देवळाची दर्शनी भिंत याच हिरव्या दगडाच्या आणि पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्यांनी बांधली आहे. आपल्या वाट्याला आलेली ती ओली चिकणमाती आठवली आणि या लोकांचा क्षणभर हेवा वाटला. बोगदा संपतो, निळ्या पाण्याचा तुकडा दिसतो, खाली एखादी चिमुकली पुळण, की लगेच पुढचा बोगदा. कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात तू खुशाल डबा उघडून बसायचास आणि माझ्या वाटणीचे सांदण फस्त करायचास. काल असतास तर बोनास्सोलाला पोचल्यावर आम्ही घेतलेला फोकाच्चा तुझ्यापासून वाचला नसता.

आता खरी काळजी सांगतो. येत्या रविवारी बोनास्सोलाहून पुढे फ्रामुरापर्यंत जायचे लेकीने ठरवले आहे, आणि त्या टप्प्यातही बोगदेच आहेत. मी काल इतका गप्प का होतो, हे तिने परतताना दोनदा विचारले. इतकी वर्षे हिलाही त्या रात्रीतले काही सांगितलेले नाही. घरी सांग म्हणून तू त्या वेळी माझ्याशी भांडलास, मी तुला नसती उठाठेव करू नकोस म्हणालो, आणि पुढचा गणपती येईपर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही. आजही मला तुझे म्हणणे पुरते पटलेले नाही. सांगितले तर लेक ही वाट सोडून देईल, आणि नातीच्या हाताला धरून जे काल जमले ते पुन्हा जमण्याची संधी जाईल. न सांगावे, तर परवा आतच पाय थबकले आणि पोर घाबरली तर काय करायचे? हिला आधी सांगावे आणि लेकीला नंतर, असाही एक विचार येतो, पण ही ते ऐकून रात्रभर जागी राहील आणि इतक्या वर्षांचा हिशेब मागेल, आणि तो मागण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

तुझ्या मोतीबिंदूचे काय ठरले? सूनबाईंची बदली रद्द झाली का? वहिनींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद. आंब्याच्या कलमांबद्दल विचारले होतेस, त्याचे उत्तर सविस्तर नंतर लिहितो.

टपालाने हे वेळेत पोचणार नाही, म्हणून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आहे. रविवारच्या आत फोन कर. इथले घड्याळ सध्या साडेतीन तास मागे आहे, तेव्हा तुझ्या दुपारच्या चहानंतर केलास तर ही आणि लेक बाजारात गेलेल्या असतील आणि मला मोकळेपणाने बोलता येईल.

तुझा,
विनायक