उत्तर एकच, चुका दोन

संपादक महोदय,

शाळेसाठी एआयवर चालणारे गणिताचे अ‍ॅप घेण्याआधी गोव्यातल्या शिक्षकांनी एक गोष्ट जरूर विचारावी: मुलाला काय येते, हे ते ठरवते कसे?

कॉर्बेट आणि अँडरसन या अमेरिकी संशोधकांनी १९९०च्या दशकात मांडलेली पद्धत आजही प्रचलित आहे. तीत प्रत्येक उत्तरागणिक कौशल्य आल्याची शक्यता नव्याने काढतात, ती ०.९५ झाली की पुढचा धडा. पण चार पर्यायांच्या प्रश्नात नुसत्या अंदाजाने २५ टक्के उत्तरे बरोबर येतात. म्हणून उत्तर लिहून घेणारेच अ‍ॅप घ्यावे.

तेवढ्यानेही भागत नाही. ५२ वजा २७ ला ३५ हे उत्तर दोन वाटांनी येते. एक मूल वरचा-खालचा न पाहता प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक काढते; दुसरे दशक उसना घेते, पण वरचा ५ कमी करायला विसरते. लगेच ५० वजा २७ द्यावे. पहिले ३७ लिहील, दुसरे ३३. दोघांना शिकवायचे वेगळे! अ‍ॅपने नुसते 'चूक' नोंदवले तर हा फरक कायमचा हरवतो.

शाब्दिक उदाहरणांत घरी कोकणी बोलणारे मूल मराठी वाक्यावर अडले, तरी ठपका वजाबाकीवर येतो. तेच उदाहरण अंकांत देऊन खात्री करून घ्यावी.

– एक गणित शिक्षक, डिचोली