देवदूताचे पंख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला देवदूतांवरचा लेख वाचला. रंगीत छपाई सुरेख. पण देवदूतांना ‘अगदी पहिल्या चित्रापासून’ पंख होते, हा शोध लेखकमहाशयांनी कुठे लावला?

रोममध्ये प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातलं एक चित्र आहे. येशूची आई मारिया बसली आहे आणि समोर हात पुढे करून एक साधा माणूस उभा आहे. तोच तिला येशूच्या जन्माची वार्ता देणारा देवदूत गॅब्रिएल मानला जातो. अंगावर एक पीस नाही. पंख फुटायला चौथं शतक उजाडावं लागलं, तेही ग्रीक-रोमन विजयदेवतेकडून उसने घेतलेले.

एवढं चिडायचं कारण सांगतो. वसईत सहावीत असताना नाताळच्या चित्रात मी बिनपंखांचा गॅब्रिएल काढला. आजी म्हणायची, “दूत म्हणजे निरोप्या. दारात येतो, निरोप सांगतो, जातो.” बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातही त्याच्या पंखांचा उल्लेख नाही. बाईंनी लाल शाईत लिहिलं, ‘उडणार कसा?’ आणि दहापैकी चार! शेजारच्या मुलाने कोंबडीला शोभतील असे पंख काढले, त्याला आठ. त्याच बाई आम्हाला सहलीला अजिंठ्याला घेऊन गेल्या. तिथले गंधर्व नुसते गुडघे दुमडून आभाळात तरंगतात, एकालाही पंख नाहीत. तिथे मात्र बाई “वा, काय रेषा!” म्हणाल्या. मी वहीची आठवण करून दिली, तर शेवटच्या रांगेत पाठवलं. बासष्ट वर्षांचा झालो, ते चार गुण अजून विसरलेलो नाही.

शिवाय, कठड्यावर हात टेकून वर बघणाऱ्या त्या दोन गुटगुटीत बाळांखाली आपण मायकेलअँजेलोचं नाव छापलंत. ती राफाएलची. ड्रेस्डेनमधल्या त्याच्या ‘सिस्टाइन मॅडोना’ या चित्राच्या तळाशी ती आहेत, वरची मारिया, बाळ येशू, दोन संत सगळे आपण कात्रीने उडवलेत. चॉकलेटच्या डब्यावर हे चालतं. आणि ज्याच्या नावावर ही पंखवाली बाळं खपवलीत, त्या मायकेलअँजेलोने ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रात देवदूत बिनपंखांचेच काढलेत. आमच्या बाईंकडे त्यालाही चारच मिळाले असते.

जाता जाता : गेल्या गुरुवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही. उभा ७, ‘संदेश पोचवणारा’, तीन अक्षरं. मी ‘निरोप्या’ लिहिलंय, सौ. ‘जासूद’वर अडून आहे. कृपया लवकर छापावं.

आपला,
एक जुना वर्गणीदार, वसई