स्वस्त उपकरणं बनवणाऱ्यांना एका सिस्टरचं पत्र

प्रिय इंजिनिअर आणि डॉक्टर मंडळी,

तुमच्यापैकी बहुतेकांची नावं मला ठाऊक नाहीत. तुम्ही बनवलेल्या वस्तू मात्र रोज हाताळते, पुसते, वेळप्रसंगी त्यांच्यावर चिडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात मी नर्स आहे. आभार खूप गोष्टींचे मानायचे आहेत, पण सुरुवात बबल सीपॅपपासूनच करते, म्हणजे बाळाच्या फुप्फुसात नाकावाटे सतत थोडा दाब ठेवणाऱ्या साध्या यंत्रापासून.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा पदार्थ, पुरेसं तयार झालेलं नसतं. श्वास सोडला की हवेच्या बारीक पिशव्या मिटतात आणि पुढच्या श्वासाला त्या उघडताना बाळ मेटाकुटीला येतं. नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते, बाळ कण्हायला लागतं. नुसता ऑक्सिजन देऊन हे थांबत नाही. पिशव्या मिटू नयेत एवढा दाब सतत लागतो. डॉ. जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९७१ मध्येच दाखवून दिलं होतं. ज्ञान होतं, पण यंत्र परवडत नव्हतं, आणि मधली कित्येक वर्षं तशीच गेली.

तुम्ही काय केलंत? श्वास बाहेर नेणारी नळी बाटलीतल्या पाण्यात बुडवलीत. पाच सेंटिमीटर बुडवली की पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की बुडबुडे लांबून दिसतात. एका बाळाला सलाईन लावताना माझे दोन्ही हात अडकलेले असले, तरी पलीकडच्या बाटलीकडे मान वळवून बघता येतं. बुडबुडे थांबले म्हणजे कुठेतरी गळती आहे: प्रोंग (नाकपुडीत बसवायची छोटी नळी) नाकातून निसटलाय, बाळाचं तोंड उघडं पडलंय, नाहीतर नळी सुटलीय. त्यासाठी ना स्क्रीन लागते, ना इंजिनिअरला फोन.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी असंच एक यंत्र बनवताना पहिल्या नमुन्यात माशांच्या टाकीचे पंप प्लास्टिकच्या खोक्यात बसवले होते, हे वाचून मला हसू आलं होतं. पुढे आफ्रिकेतल्या मालावीत, ब्लँटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलात त्याची कसोटी लागली. २०१४ मध्ये निकाल छापून आला: श्वासाचा तीव्र त्रास असलेल्या नवजात बाळांपैकी नुसत्या ऑक्सिजनवर ४४ टक्के जगली, या यंत्रावर ७१ टक्के. मग हसू ओसरलं. ढाक्यात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी न्यूमोनियाच्या मुलांसाठी शाम्पूच्या रिकाम्या बाटलीवर काम भागवलं. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात साध्या ऑक्सिजनवरची १५ टक्के मुलं दगावली, बबल सीपॅपवरची ४ टक्के.

पण माझे मनापासूनचे आभार आहेत ते न आवडणारा निकालही उघडपणे छापल्याबद्दल. २०१९ मध्ये मालावीतलाच दुसरा अभ्यास आला. जिल्हा पातळीवरचं रुग्णालय, एक महिना ते पाच वर्षांची, गंभीर न्यूमोनियाची आणि आधीच नाजूक असलेली मुलं, आणि रोजची देखरेख डॉक्टरांविना. तिथे बबल सीपॅपवर १७ टक्के मुलं दगावली, साध्या ऑक्सिजनवर ११ टक्के. ज्यांनी या पद्धतीवर आशा ठेवली होती त्यांना हे लिहिताना किती जड गेलं असेल! आमच्यासारख्यांसाठी मात्र तो कागद सोन्याचा आहे. ‘यंत्र आलंय ना, मग माणसं कशाला वाढवून मागता?’ असं कोणी म्हटलं की मी हाच अभ्यास पुढे करते.

आमच्या कक्षाच्या कोपऱ्यात दान आलेलं एक झकपक यंत्र आहे. त्याचा एक सुटा भाग मिळत नाही, म्हणून सध्या त्यावर धुतलेल्या दुपट्यांची चळत असते. हे आमचंच रडगाणं नाही. पेरी आणि माल्किन या संशोधकांनी २०११ मध्ये साधनं तुटपुंजी असलेल्या देशांतल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तर सरासरी ३८ टक्के उपकरणं बंद निघाली. म्हणून वीज खाली-वर होणार, धूळ असणार, चार बाळांमागे एक सिस्टर असणार हे धरूनच जे लोक आराखडा काढतात, त्यांच्यापुढे मी हात जोडते. आमची अडचण तुम्ही तक्रार म्हणून न ऐकता अट म्हणून लिहून घेतलीत.

तुमच्यातलीच एक मुलगी एकदा रात्रपाळीला आमच्याबरोबर बसली होती. रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरच्या स्पीकरवर आम्ही चिकटपट्टी लावलेली तिने पाहिली. मला वाटलं, आता भाषण ऐकावं लागणार. तिने एवढंच विचारलं, “सिस्टर, यातला कुठला अलार्म खोटा वाजतो?” बाळाने पाय झाडला, पायाला लावलेला प्रोब हलला की अलार्म बोंबलायचा, रात्रभर असं चाललं की खऱ्या अलार्मलाही कान बधिर होतात. पुढच्या नमुन्यात ऑक्सिजनचा आकडा खरंच खाली राहतोय का, हे काही सेकंद बघून मगच यंत्र ओरडू लागलं. चिकटपट्टी आम्हीच काढली.

आभाराच्या पत्रात मागणी घुसवू नये म्हणतात, पण तुम्ही विचारायची सवय लावलीत, आता भोगा. यंत्र स्वस्त झालं तरी त्याला लागणाऱ्या नळ्या आणि प्रोंग एकाच कंपनीचे घ्यावे लागले, तर वर्षभरात बचत धुऊन निघते. तेव्हा जोड कुठल्याही कंपनीच्या नळीला चालेल अशी ठेवा. आणि प्रोंगच्या पाकिटात सगळी मापं सारख्याच संख्येने भरू नका. सगळ्यात लहान माप आमच्याकडे आधी संपतं, मोठी तशीच पडून राहतात.

आपली,
नवजात शिशू कक्षातली एक सिस्टर