पडदा ताणू नका, दिवे लावू नका

संपादक महोदय,

आपल्याकडे कडक मास्तरांना आजही ‘हिटलर’ म्हणतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. म्हणूनच येत्या २७ जानेवारीला खानदेशातल्या महाविद्यालयांनी नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहारावरचा एखादा तरी चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. १९४५ साली याच दिवशी सोव्हिएत फौजा आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत पोहोचल्या. २००५ साली संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस जागतिक स्मृतिदिन ठरवला. मारल्या गेलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा फळ्यावर लिहिला की मुलं तो वहीत उतरवून घेतात आणि पान उलटतात. चित्रपट पाहून मात्र ती गप्प होतात. इतक्या वर्षांनी, इतक्या दूरच्या गावातही हे घडतं, पण त्यासाठी चित्रपट नीट दाखवावा लागतो. दाखवण्यातच तो कसा मारला जातो, हे सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात आलँ रेने यांच्या ‘नाइट अँड फॉग’पासून करावी. हा १९५५ साली तयार झालेला माहितीपट फक्त ३२ मिनिटांचा आहे, त्यामुळे एका तासिकेत बसतो आणि बोलायलाही वेळ उरतो. त्याचं निवेदन माउटहाउझेनच्या छावणीतून वाचलेल्या जाँ केरोल यांनी लिहिलं आहे. ओसाड छावणी, रुळांवर उगवलेलं गवत हे सगळं रंगीत आणि त्याच जागेचा भूतकाळ कृष्णधवल. हिरव्या गवताची भीती वाटू लागते, ती याच उलटापालटीमुळे.

आता प्रोजेक्टर. हा चित्रपट जवळजवळ ४:३ (रुंदी चार, उंची तीन) चौकटीत आहे, आणि आपल्याकडे पडदा पूर्ण भरलाच पाहिजे असा आग्रह असतो. ४:३ चं चित्र आजच्या रुंद १६:९ पडद्यावर ताणलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. उपासमारीने हाडांचा सापळा झालेला माणूस पडद्यावर धट्टाकट्टा दिसू लागतो! यापेक्षा मोठा अन्याय त्या माणसावर आपण आज करू शकत नाही. मूळ चौकट निवडावी, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात, आणि एखादं चाक दिसताच चित्र थांबवून ते गोल आहे की लंबगोल ते आधीच तपासावं. ‘सन ऑफ सॉल’ (२०१५) दाखवताना हीच काळजी घ्यावी. तिथे कॅमेरा एकाच माणसाच्या मानेमागे चिकटलेला आहे आणि अरुंद चौकट मुद्दाम निवडलेली आहे.

प्रोजेक्टर भडक रंगांच्या ‘व्हिव्हिड’ मोडवर असला तर कृष्णधवल चित्रावर निळसर झाक येते, म्हणून ‘सिनेमा’ मोड लावावा. सभागृहाच्या वरच्या झरोक्यांना काळं कापड लावलं नाही तर काळ्याचा राखाडी होतो. चाळीसगावच्या केकी मूस यांची छायाचित्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना काळ्यातल्या छटांचं मोल वेगळं सांगायला नको.

‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ (२०२३) निवडणाऱ्यांनी चित्राआधी आवाजाचं बघावं. आउशवित्झ छावणीच्या भिंतीला लागून तिच्या कमांडंटचं घर, बाग, मुलं. भिंतीपलीकडचं काहीही दिसत नाही. ऐकू येतात गोळ्या, कुत्री, किंकाळ्या आणि भट्ट्यांची अखंड घरघर. ध्वनीचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं ते यासाठीच. भाषणासाठी लावलेल्या कर्ण्यांतून खालच्या पट्टीतली घरघर येतच नाही, आणि मग उरतो एका सुखी कुटुंबाचा कंटाळवाणा चित्रपट. दोन्ही बाजूंना चांगले स्पीकर हवेत आणि पंखे बंद हवेत. जानेवारीत आपल्याकडे ते सहज जमतं, मे महिन्यात जळगावला पंखे बंद करून कोण बसेल? आणखी एक: सुरुवातीला बराच वेळ पडदा काळा असतो, नुसतं संगीत चालू. बिघाड समजून चालवणारा वायरी उपसायला धावतो. त्याला आधीच सांगून ठेवावं.

मराठी उपशीर्षकं स्वतः तयार करायची असतील तर एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५-४० अक्षरं. फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरं नीट साठवणाऱ्या संकेतपद्धतीत) जतन केली नाही तर चौकोन दिसतात. जुन्या प्लेअरवर जोडाक्षरं फुटतात, त्यामुळे अक्षरं चित्रातच पक्की बसवून घेणं बरं. अक्षरांना काळी कडा हवीच, नाहीतर बर्फाच्या दृश्यात पांढरं पांढऱ्यात बुडतं.

क्लोद लान्झमान यांचा ‘शोआ’ (१९८५) हा माहितीपट साडेनऊ तासांचा आहे. त्यातला न्हाव्याचा प्रसंग तेवढा दाखवला तरी चालेल. अब्राहम बोम्बा यांना ट्रेब्लिंकाच्या छावणीत, विषारी वायूच्या कोठडीत जाणाऱ्या बायकांचे केस कापावे लागत. इस्रायलमधल्या केशकर्तनालयात एका गिऱ्हाइकाचे केस कापत ते हे सांगतात, आणि मध्येच थांबतात. बोलवत नाही. लान्झमान कॅमेरा बंद करत नाहीत. ती शांतता कापू नये, पुढे ढकलू नये.

शाळांनी यातलं काही दाखवू नये. ‘नाइट अँड फॉग’च्या शेवटी बुलडोझरने ढकलले जाणारे मृतदेह आहेत. आठवी-नववीला लुई माल यांचा ‘गुडबाय, चिल्ड्रन’ (१९८७) योग्य. तिथे गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा माणूस वर्गात येतो आणि एका मुलाची नजर नकळत लपून राहिलेल्या ज्यू मित्राकडे वळते. तेवढ्या नजरेने सगळं संपतं. रक्ताचा थेंबही न दाखवता मुलांना जे कळायचं ते कळतं. ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ मात्र टाळावा. त्यात प्रेक्षक शेवटी रडतो तो नाझी अधिकाऱ्याच्या मुलासाठी; शिवाय त्या वयाच्या बहुतेक ज्यू मुलांना आउशवित्झला उतरल्या उतरल्याच मारत, चित्रपटातल्यासारख्या कुंपणाशी गप्पा मारायला ती उरत नसत.

मुलांना एवढंही सांगावं की कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना गावकरी ‘शनिवार तेली’ (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) म्हणत, हे मराठी बोलणारे ज्यूच. ‘ते लोक’ म्हणजे कोण, हे मग निराळं सांगावं लागत नाही.

परवानगीचं म्हणाल तर, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेला आपल्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधितांपुरता चित्रपट दाखवता येतो. गावाला खुलं आमंत्रण दिलं की हक्कदाराची परवानगी लागते.

‘शिंडलर्स लिस्ट’ सव्वातीन तासांचा, त्यामुळे मध्यंतर घ्यावंच लागेल. पण क्राकोवमधली ज्यूंची कोंडलेली वस्ती रिकामी करण्याचा भाग चालू असताना ते घेऊ नये. आणि चित्रपट संपताच दिवे लावून सूत्रसंचालकाने माइक हातात घेऊ नये. नामावली पूर्ण जाऊ द्यावी, त्यानंतरही दोन मिनिटं अंधार असू द्यावा. सत्कार, हार, आभारप्रदर्शन, जे काही करायचं ते चित्रपट सुरू होण्याआधी उरकून घ्यावं.

– चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेणारे काही कार्यकर्ते, जळगाव