सिस्टर, तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

सिस्टर, तुमची बदली झाली त्या दिवशी मी ड्युटीवर होते आणि तुम्हाला नीट भेटताही आलं नाही, म्हणून आज इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

ती रात्र आठवते ना? डिलिव्हरी नॉर्मल झालेली, वार पूर्ण पडलेली, मी केसपेपरवर "ब्लीडिंग नॉर्मल" लिहून दुसऱ्या टेबलकडे गेले. परत आले तेव्हा ती बाई पांढरीफटक पडलेली आणि बीपी लागत नव्हतं. रक्त चादरीत आणि पॅडमध्ये मुरत होतं आणि मी नजरेने अंदाज बांधला होता. ती वाचली, पण रक्ताच्या किती पिशव्या लागल्या ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला मी रडायच्या तयारीनेच आले होते. सगळे विचारत होते चूक कोणाची, आणि तुम्ही कागद पुढे सरकवून म्हणालात, चूक कोणाची ते राहू दे, कुठल्या मिनिटाला काय झालं तेवढं लिही. मग सगळं बाहेर आलं: गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये आणि फ्रीज पलीकडच्या खोलीत, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड कपाटात आणि चावी घरी गेलेल्या स्टाफकडे, आणि दोन टेबलांना मिळून एकच सिस्टर. त्या रात्री माझ्या जागी कोणीही असतं तरी तेच झालं असतं, हे मला तुमच्यामुळे कळलं, नाहीतर मी नोकरी सोडणार होते, खरंच.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यात महागडं मशीन एकही नव्हतं. प्रत्येक डिलिव्हरीला खाली मापाच्या रेषा असलेला ड्रेप (रक्त गोळा करणारी प्लास्टिकची पिशवी), पॅडचं वजन (१ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली), पहिला तासभर दर १५ मिनिटांनी बघणं, सगळी औषधं एका ट्रेमध्ये आणि ऑक्सिटोसिनसाठी लेबर रूममध्येच छोटा फ्रीज. ५०० मिलीची रेष आली की कोणाची वाट बघायची नाही, गर्भाशय चोळणं, इंजेक्शनं, सलाईन, तपासणी सगळं एकदमच सुरू.

आणि पहिल्याच महिन्यात पीपीएचचा, म्हणजे डिलिव्हरीनंतरच्या जास्तीच्या रक्तस्रावाचा आकडा वाढला! वरून विचारणा झाली, मीसुद्धा घाबरले, वाटलं बंद करायला लावतील. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "आकडा वाढला म्हणजे आपल्याला दिसायला लागलंय, ब्लीडिंग आधीही तेवढंच होतं." नंतर मी २०२३ चा ई-मोटिव्ह अभ्यास वाचला, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० हॉस्पिटलं, त्यात नेहमीच्या पद्धतीने निम्म्याच पीपीएच ओळखल्या जात होत्या, ५१ टक्के, आणि ड्रेप आणि एकदम उपचार या पद्धतीने ९३ टक्के. आणि गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडायची वेळ किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ वरून १.६ टक्क्यांवर. तुम्ही भिंतीवरच्या चार्टवर पेनाने जे दाखवत होतात तेच की हे.

मला सगळ्यात जास्त थँक्यू म्हणायचंय ते त्या आकडा वाढलेल्या महिन्यासाठी. तेव्हा तुम्ही पाच-सहा केस "नॉर्मल" लिहायला सांगितल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं आणि चार्ट छान दिसला असता. सरकारी हॉस्पिटलमध्ये वाईट आकडा वर पाठवायला किती धीर लागतो ते आतल्या माणसालाच माहीत.

परवा रात्री एका नवीन इंटर्नने मला हाक मारली, मॅडम ५०० झालं, आणि मी पोचेपर्यंत तिने चोळायला सुरुवात केलेली आणि ट्रे उघडलेला होता. ती तुम्हाला कधी भेटलेली नाही. पेशंट सकाळी बाळाला पाजत बसली होती, केसपेपरवर लिहिलंय, ब्लड लॉस ६२० मिली, मोजून.

तुमची,
लेबर रूममधली डॉक्टर