डेल्फ्टहून आई-बाबांस

डेल्फ्ट, नेदरलँड्स, २१ जून

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी इथं सुखरूप आणि मजेत आहे. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. परवा व्हिडिओवर गाल बसलेले दिसले म्हणालात, ते खोलीतल्या दिव्यामुळं. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मध्येच आईचा आवाज भरून येतो आणि मला सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून हे लिहितेय. पूरनियंत्रणाच्या कोर्समधला नागपूरचा एक जण पुढच्या आठवड्यात परत चाललाय, तो मुंबईला उतरल्यावर कुरिअर करेल.

आधी तुमच्या शंकांचं उरकते. आई, "रात्री दहाला रस्त्यावर काय करत होतीस" असं तू विचारलंस. दहाला इथं सूर्य मावळतो गं! म्हणजे तू म्हणतेस ती रात्र नव्हतीच. आणि एकटी नव्हते. कालव्याच्या काठानं निम्मं गाव बसलेलं होतं, म्हाताऱ्या बायकासुद्धा. सायकलीचं म्हणशील तर सायकलींचा रस्ता वेगळा असतो, लाल रंगाचा. गाडीवाले थांबून वाट देतात. सांगलीत हरभट रोडवर मी दहावीपर्यंत सायकल चालवली तेव्हा नाही काळजी केलीस ती! माझी सायकल भाड्याची आहे, पुढचं टायर निळं. स्टेशनाखालच्या तळघरात हजारो सायकली लावलेल्या असतात, त्यातून निळं टायर शोधायचं तर तिथं निळ्या टायरच्याच शेकड्यानं. म्हणून हँडलला तुझ्या जुन्या ओढणीची चिंधी बांधलीय.

जेवणाचंही बरं चाललंय. इथले लोक दुपारी पावात चीज घालून गार गारच खातात आणि त्यालाच जेवण म्हणतात. मी डबा नेते. भाजीला हेगच्या बाजारात जाते, गाडीनं पंधरा मिनिटं. तिथं सुरिनामचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतले, हिंदुस्तानी लोक पुष्कळ आहेत. १८७३ पासून यांच्या पूर्वजांना कलकत्त्याहून जहाजानं सुरिनामला मळ्यांवर कामाला नेलं. १९७५ ला तो देश स्वतंत्र झाला, त्या सुमाराला त्यातले हजारो इकडं आले. त्यामुळं भेंडी, कारली, दुधी सगळं मिळतं. भाव विचारू नकोस. युरोला शंभरानं गुणलं की घास उतरत नाही, म्हणून मी गुणायचं सोडून दिलंय.

बाबा, तुमचा टोमणा मला कळला बरं का. "सरकारनं हिंडायला पाठवलंय का?" शनिवार-रविवार संस्था बंद असते, कोंडून घेऊन काय करू? आणि पूरनियंत्रण शिकायला आलेल्या माणसानं या गावात हिंडणं हाही अभ्यासच आहे. हसू नका. इथं पाण्याचा कारभार बघणारं मंडळ १२८९ पासूनचं आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या तीनशे चाळीस वर्षं आधीचं! लोक त्यावर मतदानानं माणसं निवडून देतात आणि त्याचा कर वेगळा भरतात. त्याची जुनी कचेरी आमच्या वाटेवरच्या कालव्याला लागून आहे, दर्शनी भिंतीवर रंगीत मानचिन्हांची गर्दी. कालव्यातलं पाणी इतक्या सेंटिमीटरवर ठेवायचं म्हणजे ठेवायचं, जास्त झालं की पंप सुरू. आपण कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका म्हणत बसतो आणि २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं तेव्हा तुम्ही दोघं गावभागात शेजाऱ्यांच्या माळ्यावर होतात. तेव्हा वाटलं होतं, हे असंच असायचं. इथं बघून तसं वाटत नाही. कृष्णेचा उतार, आपला पाऊस, सगळं वेगळं आहे, मला कळतं. तरी.

तुमच्यासाठी खास एक बघून ठेवलंय. इथल्या जुन्या चर्चमध्ये लेव्हनहूकची कबर आहे. तुमचाच तो, आठवीच्या वर्गात सूक्ष्मदर्शक पुसत पुसत तुम्ही ज्याची गोष्ट सांगायचात. जन्म याच गावातला, १६३२ चा. कापडाचा दुकानदार, कॉलेजचं तोंड न पाहिलेला. लॅटिन येत नव्हतं, म्हणून लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाला, पन्नास वर्षं आपल्या डच भाषेतच पत्रं पाठवत राहिला. १६७४ ला जवळच्या एका तळ्याचं हिरवट पाणी काचेच्या नळीत भरून आणलं आणि त्यात हलणारे जीव पाहिले. त्याचं यंत्र तुम्हाला दाखवायला हवं होतं. पितळेचे दोन पत्रे, जेमतेम बोटाएवढे, मध्ये मोहरीएवढं भिंग, मागं एक स्क्रू. बस्स. डोळ्याला भिडवून उजेडाकडं धरायचं. तुम्ही घाटावरून बाटलीत पाणी आणून आम्हाला दाखवायचात ना, ते मला त्या कबरीसमोर उभं राहून इतकं आठवलं की शेजारच्या बाईंनी पाणी हवं का विचारलं. उन्हाचा त्रास झाला असेल असं त्यांना वाटलं.

त्याच चर्चमध्ये व्हर्मेर हा चित्रकारही पुरलाय. तोही १६३२ चाच. तो कर्ज आणि अकरा मुलं मागं ठेवून गेला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची निरवानिरव कोर्टानं या लेव्हनहूककडंच सोपवली होती. व्हर्मेरनं काढलेलं डेल्फ्टचं चित्र हेगच्या संग्रहालयात आहे आणि ते जिथून काढलं त्या काठावर आता बाकडी आहेत. संध्याकाळी मी तिथं बसते. मी ज्याला अभ्यास म्हणते त्यातला हा भाग खरा मजेचा आहे, कबूल.

चर्चचा मनोरा वाकडा आहे. पंचाहत्तर मीटर उंच आणि शेंडा जवळजवळ दोन मीटर बाहेर झुकलेला. चौदाव्या शतकात कालव्याच्या भरावावर पाया घेतला, काम चालू असतानाच एका अंगाला खचला, मग वरचे मजले सरळ करत करत चढवले. आमच्या खात्यात कुणी असं केलं असतं तर निवृत्तीनंतरही चौकशी संपली नसती. वर सुमारे नऊ टनांची घंटा आहे. तिच्या हादऱ्यानं मनोऱ्याला धोका नको म्हणून ती राजघराण्यातल्या अंत्यविधीसारख्या वेळीच वाजवतात.

आता एक असं सांगते की आई विश्वास ठेवणार नाही. आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्या आईच्या पंचाहत्तरीला घरी बोलावलं होतं. गेले, तर हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या आणि त्यावर सगळे साखरपुड्याच्या बैठकीला बसल्यासारखे ताठ. आता पाहुण्यानं काय करायचं? आजीबाईंना शुभेच्छा द्यायच्या, इथपर्यंत ठीक. मग त्या गोलात एकेकापुढं जायचं, हात मिळवायचा, आपलं नाव सांगायचं आणि त्याचंही अभिनंदन करायचं! मुलीला "आईबद्दल अभिनंदन", जावयाला "सासूबाईंबद्दल अभिनंदन", शेजारणीला "शेजारणीबद्दल अभिनंदन". जावयानं काय केलं म्हणून त्याचं अभिनंदन, ते मला अजून कळलेलं नाही. तो मात्र पंचाहत्तर वर्षं आपणच काढल्यासारखा मान हलवून घेत होता. नंतर कॉफी आणि केकचा एक तुकडा. एकच. "घ्या हो अजून" नाही, आग्रह नाही. मी रिकामी बशी धरून बसले होते.

आणि खरं पुढंच. हात धुवायला आत गेले तर संडासात, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशा भिंतीवर, कॅलेंडर! त्यात वार नसतात, नुसत्या तारखा, म्हणजे दरवर्षी तेच चालतं. प्रत्येक तारखेपुढं घरच्यांची, मित्रांची नावं पेनानं लिहिलेली. आजीबाईंचंही होतं. विचारलं तर बाईंनी शांतपणे सांगितलं की घरातला प्रत्येक माणूस तिथं रोज जातोच, म्हणजे कुणाचा वाढदिवस विसरायचं कारण नाही. तर्कात काही चूक नाही. पण आपल्याकडं कालनिर्णय स्वयंपाकघरात, आजीचा वाढदिवस तिथीनं, औक्षण देवासमोर. आणि इथं आजी संडासात! ऑफिसातही ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा आणि टेबलाटेबलावर जाऊन वाटायचा. माझा पुढच्या महिन्यात आहे, मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा, डोळ्याचे थेंब वेळच्या वेळी घालताय ना? ऑपरेशनला मी असायला हवं होतं. तारीख माझ्या तिकिटाआधी मिळाली नाही, डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकलाय म्हटल्यावर थांबणंही बरोबर नव्हतं, आणि दादानं सगळं नीट केलं. त्यानं पट्टी बांधलेला फोटो पाठवला त्या दिवशी मी नव्या चर्चच्या मनोऱ्यावर होते. तीनशे शहात्तर पायऱ्या. वरून छान दिसतं. जाऊ दे. रोज सकाळी उठल्या उठल्या कोयनेची आणि आयर्विनची पातळी बघते मी. पाणी तिशीला आलं की कागदपत्रांची पेटी आणि आईची शिलाई मशीन वर न्या, दादाची वाट बघू नका.

पैशांचं: भत्त्यातून उरलेले सव्वा लाख दादाच्या खात्यावर पाठवलेत. त्यातून वरच्या मजल्याच्या कर्जाचे दोन हप्ते भरा, राहिलेले स्लॅबच्या गळतीला. आई, त्यातून माझ्यासाठी पाटल्या बिटल्या करायच्या नाहीत, आधीच सांगते.

कोल्हापूरच्या स्थळाचा फोटो पाहिला. नाकीडोळी ठीक आहे. त्यांना ऑगस्टमध्ये बघायला यायचं असलं तर येऊ देत, मी तोवर आलेली असेन. फक्त एवढं आधी विचारून ठेवा, की बायको पावसाळ्यात रात्र रात्र पूरनियंत्रण कक्षात बसली तर चालणार आहे का. "चालेल, पण बदली करून घेता येईल ना" असं उत्तर आलं तर पोहे वाया घालवू नका.

दादा-वहिनीला आशीर्वाद मागितलाय म्हणून सांगा, चिंगीला पापा.

तुमची,
मनी

ता. क. इथल्या सरांनी पुढच्या वर्षीच्या एम. एस्सी.चा अर्ज भर म्हणून सांगितलंय. शिष्यवृत्ती मिळाली तरच, आणि खात्यानं रजा दिली तरच. अर्ज भरून ठेवलाय, पाठवलेला नाही. कोल्हापूरकरांना यातलं काही बोलू नका. आधी तुम्ही दोघं आपापसात भांडून घ्या, मग फोन करा.